रानपिंगळ्याचा पंचनामा

आमच्या महसूल खात्यात एक शिवी होती. तोंडावर कुणी देत नसे, पाठीमागे सगळे देत. ‘त्याचा पंचनामा चावडीतला आहे.’ म्हणजे गडी शेताच्या बांधावर गेलाच नाही. चावडीत पंख्याखाली बसून, दोन पंचांच्या सह्या घेऊन, गारपीट किती एकरांत झाली ते लिहून मोकळा झाला. असा पंचनामा पटकन ओळखू येत नाही, कारण तो नेहमी देखणा असतो. खऱ्या पंचनाम्याला चिखलाचा डाग असतो, एखादी खाडाखोड असते, उत्तरेकडच्या खातेदाराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह असतं. चावडीतल्या पंचनाम्याच्या चारही चतुःसीमा स्वच्छ.

शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात तलाठी म्हणून नोकरी काढली. निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या नादी लागलो. घरचे म्हणाले, सातबारा संपला तर आता हे. तसं ते खरंच आहे. पक्ष्याची नोंद म्हणजे तरी काय? कोण, कुठे, कधी, कुणी पाहिलं. आमचेच रकाने. आणि या नादात मला भेटलेला सर्वांत मोठा चावडीतला पंचनामा आमच्या खात्यातला नव्हता. तो इंग्लंडमधल्या एका संग्रहालयाच्या खणात होता, आणि होता आमच्या तालुक्यातल्या एका पिंगळ्याबद्दल.

गावातला पिंगळा सगळ्यांना ठाऊक. चिंचेच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत राहतो, तिन्हीसांजेला कचाकचा भांडल्यासारखा ओरडतो. आई म्हणायची, ‘घरवर पिंगया बसना का वंगाय व्हस.’ तिच्या माहेरी सगळेच असं म्हणत आणि पिंगळे तरी त्यांच्याच धाब्यावर बसत. मी म्हणतो तो हा नव्हे. तो रानपिंगळा. साताठ बोटांचा फरक नाही दोघांत. उंचीला वीतभर हा, वीतभर तो. पण एक गावात राहतो आणि दुसरा ११३ वर्षं जगाच्या लेखी नव्हताच.

त्याची पहिली नोंद आपल्याकडची नाही. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आताच्या छत्तीसगडात हा पक्षी मिळाला, आणि पुढच्या वर्षी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापून ब्लेविटचं नाव त्याला दिलं. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेत पाठ केलं. त्यांचा दुसरा उद्योग पक्ष्यांचा. सिमल्याच्या बंगल्यात त्यांनी पक्ष्यांच्या कातड्यांचा आणि अंड्यांचा डोंगर जमवला होता. १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयाला दिला तेव्हा नग भरले सुमारे ८२,०००. या सगळ्यावर ते एक मोठा ग्रंथ लिहिणार होते. एकदा गावाला गेले आणि परत येऊन पाहतात तो हस्तलिखिताची थप्पी नोकरानं सिमल्याच्या बाजारात रद्दीत विकलेली. ही हकीगत वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्यानं कधी रेकॉर्ड रूम सांभाळली आहे त्यालाच ते दुःख कळेल.

खानदेशची गोष्ट सुरू होते ती जेम्स डेव्हिडसन या माणसापासून. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतला स्कॉटिश अधिकारी, म्हणजे लांबच्या नात्यानं आमचाच साहेब. हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघायचं, गावोगाव जमाबंदी तपासायची, आणि सकाळ-संध्याकाळ बंदूक घेऊन पक्षी टिपायचे, असा त्या काळच्या साहेबांचा शिरस्ता. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्यानं केलेली यादी ह्यूम यांच्या नियतकालिकात छापून आली. १८८० ते १८८४ या काळात शहादा-तळोदा भागात त्याला हा रानपिंगळा मिळाला, तोही एकदा नव्हे. कातडी सोलली, कापूस भरला, पायाला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर जागा आणि तारीख.

आता पक्षी मारून नोंद करणं आपल्याला रुचणार नाही, मलाही रुचत नाही. पण चिठ्ठीबद्दल मात्र त्या माणसाला मानलं पाहिजे. तो जिथे गेला होता तेच गाव त्यानं लिहिलं. एवढ्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

१८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याची कातडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि मग एक नवीन नग उगवला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. सैनिक, हेर, पक्षितज्ज्ञ, आणि ज्याच्या शूरपणाच्या कथा मुख्यतः त्यानंच सांगितलेल्या, असा माणूस. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठी सांगत होती: १९१४, मांडवी. म्हणजे गुजरातेत, सुरतेकडचं तापीकाठचं मांडवी. झालं! पक्षी १९१४ पर्यंत जिवंत होता आणि तापीच्या खालच्या अंगाला होता, असं शास्त्राच्या पुस्तकांत लिहिलं गेलं. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी या पक्ष्यात लक्ष घातलं होतं, शोध झाले, पण हाती काही लागलं नाही. लागणार कसं? चतुःसीमाच खोट्या.

हा पंचनामा फोडला तो पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकाचं काम करताना लंडनजवळच्या ट्रिंग इथल्या संग्रहालयात त्या कर्नलचे नमुने तपासत होत्या. १९५४ मध्ये या गृहस्थानं संग्रहालयाला सुमारे २०,००० नग दान दिले होते, आणि त्याआधी त्याच संग्रहालयानं त्याला चोरीच्या संशयावरून पक्षिदालनात यायला काही काळ बंदी केली होती! दान घेणाऱ्यानं दात्याकडे कसं बघावं याचा हा विशेष नमुना. रासमुसेनबाईंनी आणि नायजेल कॉलर यांनी रानपिंगळ्याच्या त्या नगाची अशी तपासणी केली की आमचे लेखापरीक्षकही हात जोडतील. एक्स-रे काढले. टाके पाहिले. कातडं एकदा भरल्यावर उसवून दुसऱ्यांदा भरलेलं निघालं, आत पहिल्या भरणीचे अवशेष राहून गेलेले. आणि पहिली भरण कुणाच्या हातची, तर डेव्हिडसनच्या. प्रत्येकाची कातडं भरण्याची आपली एक ढब असते, तलाठ्याच्या अक्षरासारखी. थोडक्यात, आमच्या शहाद्याकडचा पिंगळा इंग्लंडातल्या खणातून उचलला, उसवला, पुन्हा शिवला आणि मांडवीच्या नावावर चढवला. फेरफार खोटा. मूळ मालक खानदेश. हा सगळा निवाडा १९९९ मध्ये छापून आला.

पण बाई निवाडा छापून होण्याची वाट पाहत बसल्या नाहीत. त्यांनी केलं ते फार सरळ होतं. संशयित नोंदी काट मारून बाजूला ठेवल्या आणि ज्या उरल्या त्या गावांना जायचं ठरवलं. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे दोघं सोबत. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पाहिली, तिथे काही मिळालं नाही. मग डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवून सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी रानपिंगळा एका निष्पर्ण झाडावर उघड्यावर बसलेला दिसला. रात्री नाही, गुहेत नाही. सकाळच्या उन्हात.

त्या दिवशी मी कुठे होतो? बहुधा रब्बीच्या पेऱ्याच्या कागदांत. तिथून फार लांब नसेन. आणि एक गंमत ऐका: तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. डेव्हिडसनच्या वेळी सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. पिंगळा मात्र तिथल्या तिथे होता आणि त्याच्याभोवती आम्ही तीनदा सरहद्दी आखल्या. पत्त्यात जिल्ह्याचं नाव बदललं तरी तालुका टिकतो, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. तालुका नीट लिहा.

मी तो पाहिला फेब्रुवारीत. बरोबर एक पावरा वनमजूर होता. वयानं माझ्याहून बराच लहान, पण रानात तोच साहेब. सागाची पानं गळून जमिनीवर पापडासारखी पडलेली, पाय टाकला की सगळ्या टेकडीला खबर. मी एका झाडाकडे दुर्बीण लावली तर तो म्हणाला, ‘आप्पा, तो गावातला. तो नका बघू. इकडे या.’ आणि ओढ्याच्या पलीकडे, साधारण दहाच्या उन्हात, सागाच्या वाळक्या फांदीवर तो बसला होता.

गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं कोरं, राखट तपकिरी. मान जवळजवळ नाहीच, डोकं मोठं, चोच जाड, पायांवर पिसांचे पांढरे विजार-मोजे. गळ्याखाली गडद पट्टा आणि पोट स्वच्छ पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद आडवे पट्टे. बसल्या बसल्या शेपूट डावीकडे-उजवीकडे झटकत होता, कारण नसताना, जसा कुणी वाट पाहताना पाय हलवतो. आमच्याकडे त्यानं एकदा पाहिलं, नापसंतीनं, आणि पुन्हा खाली बघायला लागला. खाली पाचोळ्यात काहीतरी सरकलं. तो उडाला असं म्हणता येणार नाही, दगड सुटावा तसा सुटला. वर आला तेव्हा पायात सापसुरळी. डोक्याकडून सुरुवात केली, आणि बराच वेळ नुसती शेपूट चोचीबाहेर वळवळत होती. एवढ्या मोठ्या चोचीचं आणि पंज्याचं काम तेव्हा कळलं. हा अंगापेक्षा मोठा घास घेणारा शिकारी आहे. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे.

माझा वनमजूर म्हणाला, ‘हा दिवसाचाच. रात्री झोपतो आपल्यासारखा.’ त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. १९९८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात याचा सविस्तर अभ्यास केला, त्यातही हा मुख्यतः दिवसा वावरणारा पक्षी ठरला. त्याला दाट किर्र जंगल लागत नाही. पानगळीचं, मोकळं, मधूनमधून उघडी जमीन असलेलं सागवानी रान लागतं, आणि त्यात जुनी झाडं, कारण घरटं ढोलीत. नव्या लागवडीच्या सागाला ढोली कुठून येणार?

इथे गाडी अवघड वळणावर येते. मोकळं, पायथ्याचं, सपाटीचं रान हेच नांगराखाली आधी जातं. अक्राणी, शहादा, तळोदा इथली वनजमीन कशी कमी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि वनहक्काचे दावेही हाताखालून गेले आहेत. २००६ चा कायदा, १३ डिसेंबर २००५ ही कबज्याची तारीख, म्हाताऱ्यांचे जबाब, जुने दंडाचे कागद पुरावा म्हणून. ज्या कागदानं बापाला गुन्हेगार ठरवलं तोच कागद मुलाला मालक ठरवतो, असं मी तिथेच पाहिलं. शहरातली पक्षिप्रेमी मंडळी या विषयावर फार झटकन बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहिलेल्या माणसाचा दावा खरा असतो. आणि तारखेनंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून, रात्रीत तोडलेल्या झाडांचा दावा खोटा असतो. दोन्ही माझ्या टेबलावर एकाच फायलीत आले आहेत. त्यांना वेगळं काढण्याचा एकच उपाय, जागेवर जाणं. आणि अक्राणीत जागेवर जाणं म्हणजे काय असतं ते तिथल्या दऱ्या चढलेल्यालाच विचारावं.

रानपिंगळा नंतर मेळघाटात मिळाला, मध्य प्रदेशात खकनारकडे मिळाला, आपल्या यावलमध्ये मिळाला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी देणाऱ्या तानशाच्या रानात. २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याची एक पायरी उतरवली: अतिसंकटग्रस्त होता तो संकटग्रस्त झाला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, बघणारे वाढले आणि ठिकाणं सापडली म्हणून. भारताकडे जगाची २.४ टक्के जमीन आणि नोंदलेल्या जातींपैकी सात-आठ टक्के जाती, असं सगळीकडे छापलेलं असतं. मी त्यातल्या ‘नोंदलेल्या’खाली रेघ मारतो. सवय.

नोंदीच्या रकान्यांचा एक तोटाही असतो, तो मला साडूंच्या केळीच्या बागेत दिसला. त्यांचं शेत मुक्ताईनगरकडे, पूर्णेच्या अंगाला. त्या पट्ट्यात, डोलारखेडा-वढोद्याकडे, वाघ केळीत राहतात हे जळगाव जिल्ह्यात आता बातमी राहिलेलं नाही. मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र त्याचसाठी झालं. बाहेरच्याला वाटतं वाघ जंगल सोडून शेतात आला. मे महिन्यात बागेत शिरून बघा म्हणजे कळेल. बाहेर भट्टी पेटलेली, आणि आत ठिबकनं भिजलेली जमीन, डोक्यावर पानांचा मांडव, खाली वाळक्या पाल्याचा जाड थर. चार ओळी आत गेलं की मागचा बांध दिसत नाही. रानडुकरं कंद उकरायला येतात. वाघाला आणखी काय हवं? साडूंनी मला ठिबकच्या नळीशेजारी उमटलेला पंजा दाखवला. ओल्या काळ्या मातीत चार बोटं आणि गादी इतकी स्पष्ट की नळीवर अर्धं बोट आलं होतं तेही कळत होतं.

‘भीती नाही वाटत?’ मी विचारलं.

‘रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात वाटते,’ ते म्हणाले. ‘मोटार चालू करायला अंधारात जावं लागतं. मजूर घड कापायला आत जायला नाही म्हणतात, त्यांचंही खोटं नाही. पण आप्पा, हा आल्यापासून डुकरांचा त्रास निम्म्यावर आला. ते कुठे लिहिता तुम्ही?’

कुठेच नाही. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीचा पंचनामा आम्ही वनखात्याचा माणूस आणि कृषी सहायक यांच्याबरोबर करायचो. प्राणी कोणता, पीक कोणतं, क्षेत्र किती, नुकसान किती. डुकरांचं, रोह्यांचं, सगळं त्यात बसायचं. वाघानं राखलेल्या केळीला रकाना नाही. आणि नुकसानही पूर्ण बसत नाही. चार घड गेले तर त्यासाठी तालुक्याला तीन चकरा मारणं परवडत नाही म्हणून लोक अर्जच करत नाहीत. मग आकडे खाली दिसतात, आणि वर कुणीतरी म्हणतं, त्रास कमी झाला.

उलटाही प्रकार असतो. यावल अभयारण्यात बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजतात. त्याला आता शास्त्रीय गणना कुणी म्हणत नाही, पण चांदण्यात रात्रभर पाण्याकडे बघत बसण्याचं सुख वेगळंच, म्हणून मी एकदा गेलो. आमच्या मचाणाला मिळाले एक सायाळ, दोन ससे, आणि पहाटे दूरवर भेकराचा आवाज. सकाळी तक्ते गोळा करताना एका दुसऱ्या मचाणाचा कागद पाहिला. बिबट्या, अस्वल, तरस, सांबर, सगळे आलेले, प्रत्येक जण अगदी घड्याळाच्या तासाला. अक्षर सुरेख, एक खाडाखोड नाही. कागद मांडणीला इतका चोख होता की मी कुणाला काही बोललो नाही. नुसता बघत राहिलो, जुना मित्र भेटल्यासारखा.

आता एक नवीनच पेच आला आहे. रानपिंगळ्याच्या फोटोसाठी लांबून लांबून लोक येतात. भली मोठी लेन्स, मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवायची, नर चिडून समोर येतो, क्लिक क्लिक. ढोलीत मादी अंड्यांवर असताना नर तिला घास आणून देतो. त्याला दिवसभर हाकेला ओ देत ठेवलं तर घास कोण आणणार? म्हणून जाणती मंडळी हल्ली जागा सांगत नाहीत. नोंद करतात, पण गावाचा रकाना मोघम ठेवतात. जन्मभर चतुःसीमेसाठी लोकांना फैलावर घेतलेल्या माझ्यासारख्याला हे पचवायला वेळ लागला. खोटी जागा लिहिणं पाप. खरी जागा छापणंही धोक्याचं. माझ्या वहीत ओढा, झाड, वेळ सगळं आहे, आणि ती वही घराबाहेर जात नाही.

गेल्या हिवाळ्यात असाच एक तरुण फोटोग्राफर कुणाचा तरी संदर्भ घेऊन घरी आला. मुलगा चांगला होता, पाया पडला, चहा घेतला.

‘काका, एक्झॅक्ट स्पॉट सांगा ना. लोकेशन पाठवलं तरी चालेल.’

‘शहादा तालुका,’ मी म्हणालो.

‘तालुका तर मलाही माहीत आहे.’

‘रासमुसेनबाईंना तेवढंच माहीत होतं,’ मी म्हटलं. ‘चहा आणखी घेणार?’